खालचा सूर आणि त्याचं नाव

१९५१ साली आपल्या घरांत काय काय होतं, याची एकदा यादी करून बघावी. जातं होतं, पाटा-वरवंटा होता, घासलेटचा स्टोव्ह होता, एखाद्या घरी व्हॉल्व्हचा रेडिओ होता. त्यातलं रोजच्या कामाला आज काय लागतं? जातं परसात पडून आहे, रेडिओ असलाच तर शोकेसमध्ये. हत्यारं बदलली, आणि बरंच झालं. पहाटे उठून पायलीभर दळणाऱ्या बाईला जात्याचं कौतुक सांगायला जाऊ नये.

पण त्याच १९५१ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात, एक वाद्य विकायला आलं. ते आजही जवळपास त्याच रूपात बनतं, विकलं जातं, आणि मुख्य म्हणजे ज्यांचं पोट वाजवण्यावर चालतं ते लोक ते हातात घेतात. हौशी माणसाने जुनं काही जपलं तर नवल नाही. पण ज्याला आज संध्याकाळी एका स्टुडिओत आणि उद्या सकाळी दुसऱ्या स्टुडिओत हजर व्हायचं आहे, तो माणूस नवं, सुधारलेलं, जास्त सोयीचं असं सगळं बाजारात असताना पंचाहत्तर वर्षांपूर्वीच्या वळणाचं वाद्य का घेऊन जातो? वाद्याचं नाव प्रिसिजन बेस, आणि ते काढणारा लिओ फेंडर. त्याच्या मागोमाग १९६० साली आलेलं त्याचं भावंड म्हणजे जॅझ बेस. बेस गिटारचं जुनं वळण म्हटलं की जगभरच्या वादकांच्या डोळ्यांपुढे ही दोनच येतात.

याची जी कारणं साधारणपणे सांगितली जातात ती मला पुरेशी वाटत नाहीत. जी पटतात ती आपल्या, म्हणजे बायकांच्या, फार ओळखीची आहेत. गिटारशी ज्यांचा काही संबंध नाही अशा मैत्रिणींनीही हा लेख वाचावा असं मला वाटतं, ते त्यासाठीच.

आधी बेस गिटार म्हणजे काय ते सांगते. तंबोऱ्याची चौथी तार, खर्ज, आठवा. गाणारी बाई वर कुठेही जाऊन येते, पण तिच्या पायाखाली खर्ज असतो म्हणून ती जाऊन येऊ शकते. मैफिलीतून घरी येताना खर्जाविषयी कुणी बोलत नाही. पण तंबोरा जरा उतरला तर सगळी मैफल अस्वस्थ होते, आणि काय बिघडलं ते चटकन कुणाला सांगता येत नाही. पाश्चात्त्य गाण्यात हे काम बेस करतो, फक्त तो एका जागी थांबत नाही. गाण्याचे स्वर बदलतील तसा तोही चालतो, आणि शिवाय ढोलाशी जोडी करून ताल धरतो. वरती सूर आणि खाली ताल, या दोघांना बांधणारी गाठ म्हणजे बेस.

हे काम पूर्वी डबल बेस करायचा. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या जातीचं ते अवजड वाद्य. गाडीच्या टपावर बांधून न्यायचं, पावसात सांभाळायचं, आणि एवढं करून बँडमधली पितळी वाद्यं नि ढोल सुरू झाले की ऐकू येत नाही म्हणून वैतागायचं. शिवाय त्याला पडदे नसतात. बोट केसभर इकडचं तिकडे झालं की सूर हलला. लिओ फेंडर हा मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. वादक दुकानात यायचे, तक्रारी सांगायचे, आणि तो ऐकायचा. त्याने गिटारीसारखं आडवं धरता येईल असं, भरीव लाकडाचं वाद्य केलं. तारा चारच, पण लांब: घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत ३४ इंच. दांडीवर २० पडदे बसवले. पडद्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन, म्हणजे अचूक. तारांखाली लोहचुंबक आणि त्यावर तारेची गुंडाळी. तार हलली की तिथे वीज हलते, आणि ती अँप्लिफायरमधून मोठी होऊन बाहेर येते.

१९५७ साली त्याने ती गुंडाळी बदलून दोन तुकड्यांत केली. दोन जाड तारांना एक तुकडा, दोन बारीक तारांना दुसरा, आणि दोन्ही एकमेकांच्या उलट. त्यामुळे विजेच्या उपकरणांतून येणारी घरघर परस्परांत मिटून जाते आणि तारेचा आवाज तेवढा राहतो. बाहेरून फिरवायची बटणं दोन: एक आवाजाचं, एक सूर उजळ-मंद करण्याचं. त्यानंतर या वाद्यात सांगण्यासारखा मोठा बदल झालेला नाही.

आता व्यावसायिक माणसाला यात काय मिळतं ते बघू.

पहिलं म्हणजे ते चालतं. जोडलं की वाजतं. पुढच्या काळात आलेल्या पुष्कळशा बेसमध्ये आवाज सुधारण्यासाठी आतच छोटं सर्किट असतं आणि त्याला सेल लागतो. सुविधा चांगली, पण सेल संपतो तो नेमका रंगमंचावर. प्रिसिजनमध्ये सेलच नाही. दांडी धडाला चिकटवलेली नसून चार स्क्रूंनी घट्ट बसवलेली. वाकली तर सोडवून सरळ करा, मोडली तर दुसरी लावा. ज्याला रोज काम करायचं आहे त्याला दुरुस्त होणारी वस्तू लागते. हे आपल्याला काय कुणी शिकवायला हवं? आपण गिरणीवाल्याची, मिक्सर दुरुस्तीवाल्याची आणि कुकरच्या शिट्टीची खबर ठेवणाऱ्या बायका.

दुसरं कारण अधिक महत्त्वाचं, आणि ते मला माझ्या भाच्यामुळे कळलं. तो इथे बेळगावातच इंजिनिअरिंगला आहे, आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस वाजवतो. त्याने हट्टाने पाच तारांची, सर्किटवाली, बटणांची रांग असलेली बेस गिटार घेतली. घरी एकटा वाजवायचा तेव्हा खरोखर छान वाजायची. खाली गडगडाट, वरती काचेसारखा लखलखाट. गॅदरिंगला मी मुद्दाम गेले, तर ढोल आणि दोन गिटारी सुरू झाल्यावर त्याचा आवाज गेला कुठे तेच कळेना. त्याच कार्यक्रमात गोव्याहून आलेला एक बँड होता. त्यांचे साठीतले बेसवादक जुन्या वळणाचं चार तारांचं, रंग उडालेलं वाद्य घेऊन कोपऱ्यात उभे होते. त्यांचा प्रत्येक सूर शेवटच्या रांगेत येत होता, मोठा न होता. भाचा नंतर त्यांच्याकडे गेला. ते हसून म्हणाले, "बाबा, तुझी गिटार एकटी असताना बरी वाजते. पण आपण एकटे कधी वाजवतो रे?"

घरी येताना भाचा गप्प होता. मग म्हणाला, "आत्या, तू ऐकलीस की त्यांची? एकटी ऐकली तर काही खास नाही गं ती. जाड, साधी. पण गाण्यात बसते."

'गाण्यात बसते' हे शब्द मी तेव्हापासून धरून ठेवले आहेत. त्यामागचं शास्त्रही सोपं आहे. बेसच्या सगळ्यात जाड तारेचा मूळ सूर सेकंदाला सुमारे ४१ कंपनांचा. स्वयंपाकघरातल्या छोट्या रेडिओला किंवा हातातल्या मोबाईलला एवढा खालचा सूर काढताच येत नाही. तरी आपल्याला बेस ऐकू येतो, कारण प्रत्येक सुराबरोबर त्याचे वरचे सहस्वर निघतात आणि कान त्यांच्यावरून मूळ सूर ओळखून घेतो. नीट लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून कुणी न छेडलेला गंधार ऐकू येतो, त्यातलाच हा प्रकार. प्रिसिजनचा जोर या मधल्या, थोड्या वरच्या भागात आहे. अगदी तळ ढोलासाठी मोकळा, वरचा लखलखाट गिटारीसाठी आणि झांजांसाठी मोकळा, आणि गाणाऱ्याच्या आवाजाखाली जी जागा उरते ती याची. एकट्याने ऐकताना जो उणेपणा वाटतो, तोच जमावात गुण ठरतो. जॅझ बेसला दोन पिकअप आहेत, दांडी वरच्या टोकाला अरुंद आहे, आवाज थोडा खरखरीत आणि स्पष्ट. ज्याला बोटांची करामत ऐकवायची तो ती घेतो. पण मूळ हिशेब तोच.

तिसरं कारण सवयीचं. आपण वनस्पती तुपाला डालडा म्हणायचो, मग डबा कुठल्याही कंपनीचा असो. तसं अमेरिकेत बरीच वर्षं विजेवरच्या बेसला 'फेंडर बेस' हेच नाव होतं. तबकड्यांच्या वेष्टनांवरही तेच छापलं जायचं. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचे कान याच आवाजावर तयार झाले. वादक हे वाद्य घेऊन आला की त्यांना माइक, बटणं, पातळी यांचा विचार पहिल्यापासून करावा लागत नाही. तासाच्या हिशेबाने भाडं चाललेल्या स्टुडिओत याला पैशाची किंमत असते. हे वाद्य टिकलं त्यात केवळ त्याचे गुण नाहीत. पहिलं आलं आणि कानात बसलं, हेही आहे. चांगलं म्हणून रूढ झालं, आणि रूढ झालं म्हणून चांगलं वाटू लागलं, या दोन गोष्टी आता वेगळ्या करता येत नाहीत. दुसऱ्या वाद्यांनीही उत्तम बेस वाजला आहे. पॉल मॅकार्टनीचा बीटल्समधला बेस व्हायोलिनच्या आकाराच्या हॉफनरवरचा. ज्यांना हल्लीच्या गाण्यांसाठी आणखी खालचा सूर लागतो ते पाच तारांचं वाद्य घेतात, आणि ते योग्यच करतात.

इथे मला त्या दुसऱ्या, न पटणाऱ्या कारणांबद्दल बोलायचं आहे. १९६५ साली फेंडरची कंपनी सीबीएस या मोठ्या कंपनीने १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. त्याआधीची वाद्यं तेवढी खरी, नंतरची नाहीत, अशी एक श्रद्धा तयार झाली. लाकूड वाळत गेलं म्हणून आवाज पिकला, जुन्या रंगाखाली लाकूड श्वास घेतं, असं बरंच काही बोललं जातं. परिणाम असा की साध्या कामकरी माणसाला परवडावं म्हणून केलेलं वाद्य आता संग्राहकांच्या कपाटात आहे, आणि कारखाने नव्या वाद्याला मुद्दाम ओरखडे पाडून, रंग खरवडून जास्त किमतीला विकतात. नव्या कोऱ्या पैठणीला कुणी मुद्दाम कसर लावून विकावी, त्यातला हा प्रकार. खुद्द लिओ फेंडरला हे वाद्य म्हणजे शेवटचा शब्द वाटत नव्हता. नंतर म्युझिक मॅन कंपनीसाठी त्याने काम केलं, त्या कंपनीने १९७६ साली सेलवर चालणारा नव्या वळणाचा बेस काढला. आणि १९९१ साली मरेपर्यंत तो वाद्यं सुधारतच होता. ज्याने केलं त्याने पूजा केली नाही.

आणि आवाज लाकडात आहे म्हणावं, तर दोन माणसांचं काय करायचं?

पहिला जेम्स जेमर्सन. १९३६ साली साउथ कॅरोलायनात जन्मलेला, शाळकरी वयात डेट्रॉइटला आलेला, डबल बेस शिकलेला कृष्णवर्णीय वादक. मोटाऊन कंपनीच्या तळघरासारख्या लहान स्टुडिओत १९५९ पासून तो रोजंदारीवर वाजवायचा. वाद्य १९६२ चं प्रिसिजन. तारा जाड, सपाट गुंडाळीच्या, आणि तुटल्याशिवाय त्या बदलायच्या नाहीत हा त्याचा नेम. घोडीवरच्या झाकणाखाली स्पंजचा तुकडा, म्हणजे सूर लांबत नाही. उजव्या हाताची एकच तर्जनी वापरून तो जे वाजवायचा ते बेसच्या वाद्याकडून तोवर कुणी अपेक्षिलं नव्हतं. खर्ज म्हणून बसवलेलं वाद्य त्याच्या हाती बोलू लागलं. तरी गाणारा कधी झाकला गेला नाही.

दुसरी कॅरोल के. १९३५ साली जन्मलेली ही बाई लॉस एंजेलिसच्या क्लबांत जॅझ गिटार वाजवायची. मुलं पदरात, आणि क्लबच्या बिदागीवर घर चालेना, म्हणून ती स्टुडिओच्या कामाकडे वळली. १९६३ साली एका मुद्रणाला बेसवादक आलाच नाही. तिने बेस उचलला, आणि पुढली कितीतरी वर्षं खाली ठेवला नाही. तीन-तीन तासांच्या मुद्रणांमागून मुद्रणं, दिवसाला दोन-तीन सहज. हिचंही वाद्य प्रिसिजनच. पण ती बोटांऐवजी प्लॅस्टिकच्या नखीने वाजवायची, आणि घोडीजवळ तारांवर फेल्टचा तुकडा ठेवायची. तिचा सूर टपोरा, कडेला स्वच्छ कापलेला, प्रत्येक घाव वेगळा ऐकू येणारा. बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'मध्ये तिचा बेस आहे, 'मिशन इम्पॉसिबल'च्या त्या प्रसिद्ध धुनेखालीही आहे. १९६९ साली तिने बेस शिकण्याचं पुस्तक लिहिलं आणि स्वतः छापलं. स्टुडिओत पुरुषांच्या घोळक्यात ती बहुधा एकटीच बाई असायची, आणि त्या काळातल्या फोटोंत दिसते ती काळा चष्मा लावून, कागदावर नजर ठेवून, काम करणारी बाई.

एकच वाद्य, एकाच वळणाच्या तारा, दोघांचे आवाज इतके निराळे. या वाद्याचा खरा गुण मला इथे सापडतो. त्याच्यात स्वतःची म्हणून फार थोडी मतं आहेत. बटणं दोनच असल्यामुळे बाकीचं सगळं हातालाच करावं लागतं. फार हुशार वाद्य हाताच्या आधी बोलतं. साधं वाद्य हाताची वाट बघतं. एकाच तव्यावर दोन जावांच्या भाकऱ्या वेगळ्या होतात, आणि घरातल्या माणसाला न बघता कुणाची कुठली ते सांगता येतं, तसं हे आहे.

पण हा लेख मला इथेच, या गोड ठिकाणी, संपवता येत नाही. कारण 'स्वतः मागे राहून दुसऱ्याला उठाव देणं' या गुणाचं कौतुक ऐकलं की मी सावध होते. आपल्या आज्यांचं, आयांचं हेच कौतुक झालं आहे. कौतुक करणारे जेवून उठले, आणि ताटं त्यांनीच उचलली.

जेमर्सनने मोटाऊनसाठी शेकडो गाणी वाजवली. ती जगभर गेली. मॅकार्टनीसारखे वादक त्याचा बेस ऐकून शिकले. पण तबकडीवर वादकांची नावं छापायची पद्धत त्या कंपनीत नव्हती, त्यामुळे हा बेस कोण वाजवतो हे शिकणाऱ्यांनाही ठाऊक नव्हतं. १९७१ साली मार्व्हिन गेच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या तबकडीवर पहिल्यांदा त्याचं नाव ठळकपणे आलं. म्हणजे बारा वर्षांनी. पुढच्याच वर्षी कंपनी लॉस एंजेलिसला गेली आणि जुने वादक मागे पडले. जेमर्सनही तिकडे गेला, पण त्याचा जम बसला नाही. दारू होती, आजार होते. १९८३ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी तो गेला. जाण्याच्या काही दिवस आधी त्याचं ते १९६२ चं वाद्य चोरीला गेलं, ते आजतागायत सापडलेलं नाही. याच्या शेजारी दुसरी हकीकत ठेवते. मॅकार्टनीने १९६१ साली हॅम्बर्गमध्ये घेतलेली हॉफनर १९७२ साली चोरीला गेली होती. ती शोधायला माणसं लागली, जगभर आवाहन झालं, आणि ती सापडून त्याला परत मिळाल्याचं २०२४ साली जाहीर झालं. आनंदच झाला. पण ज्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं त्याचं वाद्य शोधायला माणसं निघतात, एवढं त्यातून कळलं.

नाव न लिहिण्याचा याहून वाईट परिणाम एक आहे. मोटाऊन लॉस एंजेलिसमध्येही मुद्रणं करायची. तिथल्या काही गाण्यांवर बेस आपण वाजवला आहे, असं कॅरोल के अनेक वर्षं सांगत आली आहे. जेमर्सनचे अभ्यासक आणि त्याचे साथीदार ते मान्य करत नाहीत. ती गाणी त्याचीच, असं ते ठामपणे म्हणतात. या वादात वादकांच्या जगात दोन तट पडले. तिला खोटारडी म्हणण्यापर्यंत काहींची मजल गेली. त्यांचा कल आणि त्याची कारणं मी वाचली आहेत, पण मला त्या वादात निकाल द्यायचा नाही. मला दिसतं ते असं, की ज्यांनी त्या दिवशी एक ओळ लिहून ठेवायची ते लिहायला विसरले नव्हते, त्यांना ती लिहिण्याजोगी वाटली नव्हती. आणि साठ वर्षांनी भांडण कुणाचं लागलं? कंपनीचं नाही. एका कृष्णवर्णीय कामगाराचं आणि एका मुलांच्या आईचं, दोघंही रोजंदारीवरची. वाद्य तेच, वळण तेच, आणि कागदावर दोघांचंही नाव नाही. मग भांडण मिटणार कसं?

आमच्या बेळगावहून गोवा जवळ, म्हणून या बाबतीत गोव्याची आठवण आल्यावाचून राहत नाही. मुंबईच्या हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी किती काम केलं, आणि तबकडीवर नावं कुणाची आली? संगीतकार, गीतकार, गायक. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि शिक्षक. प्यारेलालांचे ते गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधल्या गाण्यात त्यांचं नाव आलं ते शिष्याच्या कृतज्ञतेमुळे, आणि आपण सगळ्यांनी ते गाणं गंमत म्हणून ऐकलं. हे नाव एका खऱ्या माणसाचं आहे हे किती जणींना माहीत होतं? आणि लांब कशाला जायचं? आपल्या समाजाच्या कार्यक्रमाच्या पत्रिका काढून बघा. अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख पाहुणे, देणगीदार, सगळे रांगेत. चार दिवस पहाटे तीनला उठून दोनशे माणसांचा सोवळ्यातला स्वयंपाक करणाऱ्या अक्का आणि काकू शेवटी एका शब्दात: 'महिला मंडळ'.

कॅरोल के हिला २०२५ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने मान द्यायचं ठरवलं. तेव्हा ती नव्वदीची होती. तिने नकार दिला. स्टुडिओतल्या वादकांचं काम काय असतं ते अशा समारंभातून दिसत नाही, असं तिचं म्हणणं. काहींना हा हट्टीपणा वाटला. इतक्या उशिरा का होईना, देतायत तर घ्यावं, असं म्हणणाऱ्यांत बायकाही होत्या. मला तिचा नकार तिच्या बेससारखाच वाटतो: आखूड, स्पष्ट, योग्य जागी पडलेला. स्टुडिओतल्या कामात सोळा माणसं एका खोलीत तीन तास एकमेकांचं ऐकत असतात. त्यातून एकीला उचलून दिव्याखाली उभं केलं, की ती खोली नाहीशी होते. त्या मंडळींना पुढे चिकटवलेलं एक झगमगीत टोपणनावही तिला कधी आवडलं नाही. तिला तिचं स्वतःचं नाव पुरेसं होतं, आणि ते कामाच्या वेळी, कामाच्या कागदावर हवं होतं.

म्हणून 'व्यावसायिक लोक जुन्या वळणाचा बेस का पसंत करतात' या प्रश्नाचं माझं उत्तर असं. ते वाद्य टिकतं, दुरुस्त होतं, सगळ्यांत मिळून वाजतं, आणि हाताला मोकळं सोडतं. मागे राहण्याची जी कला त्यात आहे ती खरी कला आहे, आणि ती शिकायला उभा जन्म लागतो. मात्र मागे राहणं हे आवाजाचं काम आहे. माणसाने मागे राहावं असं त्यातून निघत नाही. सूर गाण्यात मिसळावा आणि नाव कागदावर वेगळं दिसावं, या दोन गोष्टींत काही विरोध नाही. विरोध आहे असं आपल्याला ज्यांनी सांगितलं, त्यांची नावं मात्र नेहमी छापली गेली.

'व्हॉट्स गोइंग ऑन' कुठेही मिळेल. मोबाईलवरून ऐकणार असाल तर कानात लावून ऐका. पहिल्यांदा गाणाऱ्याच्या मागे जा. त्याचा आवाज तसा आहेच. दुसऱ्यांदा त्याला सोडा आणि खाली जो चालतोय त्याच्याबरोबर चाला. तो कुठे थांबतो, कुठे गायकाच्या शब्दाआधी अर्धं पाऊल टाकतो, कुठे मुद्दाम काहीच वाजवत नाही, ते बघा. घरी कुणी विचारलं काय ऐकतेस, तर गाण्याचं आणि गायकाचं नाव सांगून झाल्यावर पुढे तेही सांगा: बेस जेम्स जेमर्सनचा आहे.